बिनदाराच्या घरातलं पांढरं पाणी

१

मासे मरून दोन दिवस झाले होते, तरी टाकीतलं पाणी पांढरंच होतं. ताकात पाणी जास्त पडलं की जसं दिसतं तसं. त्या पांढरटपणातून मागचे खडक अंधुक दिसत होते आणि खडकांवर अंग चोरून बसलेले प्रवाळ.

राजनंदिनी टाकीसमोर उभी राहिली आणि सवयीप्रमाणे आधी काहीच बोलली नाही. संगमनेरच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत लोक बाटली पुढे करून लगेच विचारत, "काय निघालं?" ती मात्र बाटली आधी उजेडात धरायची, मग बूच उघडून वास घ्यायची आणि त्यानंतरच उपकरणांकडे वळायची. ही शिस्त तिला ज्यांनी लावली ते बिभीषण सर तिच्या मागे चाकांच्या खुर्चीत बसले होते. टाकीकडे पाठ करून ते बाहेर बघत होते.

बाहेर बघायला दाराची अडचण नव्हती. शनिशिंगणापुरातल्या जुन्या घरांसारखी या घरालाही नुसती चौकट होती. चौकटीत निळा पडदा, तोही दिवसा बाजूला सारलेला. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे सरांच्या चुलतभावाचं, अजिनाथचं, पूजासाहित्याचं दुकान. आणि अंगणातल्या लिंबाला टेकवून ठेवलेलं एक कोरं करकरीत लाकडी दार.

"उद्या सकाळी सोनईचा सुतार येणार आहे," सविता वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या. "ते बसवायला."

"या घराला?"

"हो. सासूबाई म्हणतात, दार बसलं की मी नेवाश्याला लेकीकडे जाते आणि माझं तोंड परत दिसणार नाही. गाठोडं बांधून ठेवलंय त्यांनी. म्हणून तुला फोन केला. यांचं आता कुणी ऐकत असेल तर तुझंच."

सर मागे न वळताच बोलले. झटक्यानंतर त्यांची जीभ थोडी जड झाली होती, पण वाक्यं पूर्वीसारखीच नीटनेटकी होती.

"या घराला दार लागत नाही असं मी आयुष्यभर मानलं, राजनंदिनी. आता लागतं. विष टाकणाऱ्याला पडदा सारण्यापलीकडे कष्ट पडले नाहीत."

"कुणी टाकलं, सर?"

सरांनी उजवा हात उचलला आणि तर्जनी रस्त्यापलीकडे रोखली. दुकानात अजिनाथ एका यात्रेकरूला नारळ निवडून देत होता. त्याला ते बोट दिसलं असावं. नारळ देता देता त्यानं मान खाली घातली.

२

टाकी आधी कॉलेजची होती. सरांनीच ती उभी केली होती, समुद्रापासून इतक्या लांब, उसाच्या आणि कांद्याच्या मुलखात. प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा रीतसर परवानगी काढून ते ती घरी घेऊन आले. पुढे सरांना झटका आला. डावा पाय गेला. डावा हात हळूहळू हलू लागला, पण त्याला काही समजेना. टाचणी टोचली तरी कळायचं नाही. त्यानंतर ही टाकी हेच सरांचं जग झालं होतं.

रोज दिवेलागणीला सर खुर्ची टाकीच्या उजव्या कोपऱ्यापाशी लावत. तिथं काचेच्या झाकणाला खाच होती. त्या खाचेतून ते डावा हात पाण्यात सोडत. मग खडकाखालून तांबड्या पाठीच्या दोन कोळंब्या येत आणि त्यांच्या बोटांवर चढून नखांभोवतीची मळ-कातडी टिपत. तो त्यांचा स्वभावच, मोठ्या माशांचीही अंगं त्या अशीच साफ करतात. सर बघत बसत.

"मागच्या महिन्यात म्हणाले, करंगळीला काहीतरी कळलं," वहिनी म्हणाल्या. "एकदाच. त्या दिवशी जेवले पोटभर."

त्या दोन्ही कोळंब्या मेल्या होत्या. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची जोडी मेली होती, पिवळा मासा मेला होता. रविवारी सकाळी माहेरून परत आलेल्या वहिनींनी ते पाहिलं. त्यांनी मोबाईलवरचा फोटो दाखवला. सगळे मासे वरच्या बाजूला, पंप पाणी फेकतो त्या कोपऱ्यात तरंगत होते. तोंडं उघडी, कल्ले फाकलेले.

राजनंदिनीनं फोटो मोठा करून बघितला. मग ती टाकीखालचं कपाट उघडून गुडघ्यांवर बसली. खाली दुसरी लहान टाकी होती. वरचं पाणी पाइपातून धबधब्यासारखं तिच्यात पडायचं, गाळून निघायचं आणि परत वर जायचं. तिनं गाळणीचा कापूस चिमटीत धरून वाटीत झटकला.

"सर, बघता?"

"मला काही बघायचं नाही."

"विष म्हणजे कांद्यावर मारायचं औषध, असंच म्हणताय ना? मग हे बघायला हवं."

सरांनी नाइलाजानं खुर्ची वळवली. वाटीत तांदळाच्या कण्यांएवढे पारदर्शक जीव टणाटण उड्या मारत होते.

"कीटकनाशक पाण्यात गेलं तर आधी कवचवाले मरतात. हे तुम्हीच शिकवलंत. वरच्या कोळंब्या मेल्या आणि खालचे हे त्यांचेच भाऊबंद जिवंत. पाणी तर एकच आहे."

सर वाटीकडे बघत राहिले. शिक्षकाचा मेंदू दुःखातसुद्धा थांबत नाही.

"खाली पाणी उंचावरून पडतं," ते सावकाश म्हणाले. "हवा मिसळते."

"आणि वर मासे पंपाच्या तोंडाशी जमले होते. विष नाही, सर. ते गुदमरले."

सरांची नजर टाकीखालच्या कपाटाकडे गेली.

"म्हणजे त्यानं व्होडकाची बाटली ओतली," सर म्हणाले.

३

समुद्री टाकीत व्होडका कशाला, हा प्रश्न राजनंदिनीला कॉलेजच्या पहिल्याच वर्षी पडला होता. तेव्हा सरांनी वर्गाला उलट विचारलं होतं, माशांनी खाल्लेलं जातं कुठं? पाण्यातच. त्याचं नायट्रेट होतं, फॉस्फेट होतं, त्यावर शेवाळ माजतं आणि प्रवाळ घुसमटतात. पाण्यातले जिवाणू ही घाण खायला तयार असतात, पण नुसत्या तिच्यावर त्यांचं भागत नाही. त्यांना सोबत कार्बन लागतो. तो मिळावा म्हणून रोज मोजून थोडी व्होडका द्यायची. जिवाणू वाढतात आणि वाढताना नायट्रेट-फॉस्फेट अंगात घेतात. मग स्किमर नावाचं यंत्र पाण्यात बारीक बुडबुडे सोडतं, त्यांचा फेस होतो, फेसाला चिकटून जिवाणू वरच्या पेल्यात जातात आणि तो पेला आपण मोरीत ओततो.

"घाण काढायची नाही," सर म्हणाले होते. "घाण खाणारे वाढवायचे आणि त्यांना काढायचं. पण लक्षात ठेवा, तेही श्वास घेतात. मात्रा वाढवायची तर मुंगीच्या पावलानं."

मात्रा एकदम वाढली की काय होतं ते टाकीत दिसत होतं. पाणी पांढरं, म्हणजे जिवाणूंचं पीक. दिवे मालवल्यावर त्यांनी पाण्यातला प्राणवायू संपवला आणि पहाटेपर्यंत मासे गेले. एवढं स्पष्ट होतं. पण बाटली?

बाटली कपाटातच होती, झाकण घट्ट, झाकणातून थेंब टाकणाऱ्या छोट्या पंपाची नळी गेलेली. बाटली निम्म्याहून जास्त भरलेली होती.

"मागच्या सोमवारी नवी लावली मी," वहिनी म्हणाल्या. "कुणी ओतली असती तर इतकी उरली असती का?"

"नाही." राजनंदिनीनं पंपाची चकती बघितली. काटा चारवर होता. "सर, मात्रा किती ठेवलीय?"

"नेहमीचीच."

उत्तर फार पटकन आलं. वहिनींनी काट्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि गप्प राहिल्या. राजनंदिनीनंही तो विषय तिथंच सोडला. उत्तर टाळणाऱ्या माणसाला लगेच दुसऱ्यांदा विचारलं की तो पहिल्या उत्तराला चिकटून बसतो, हे तिला ठाऊक होतं.

तिनं स्किमरचा पेला उचलला. तळाशी तपकिरी पाणी होतं.

"हा रविवारी सकाळी कसा होता?"

"कोरडा," वहिनी म्हणाल्या. "खडखडीत. आदल्या आठवड्यात तर रोज ओतावा लागत होता, इतका भरायचा. यंत्र चालू होतं हं. बुडबुडे येत होते, पण फेसच धरत नव्हता. साबणाचं पाणी संपल्यावर कसं होतं, तसं. संध्याकाळी आपोआप पुन्हा धरायला लागला."

राजनंदिनी उठून उभी राहिली. जिवाणूंचं एवढं पीक आलेलं असताना पेला भरून वाहायला हवा होता. वीज होती, यंत्र बिघडलेलं नव्हतं, आणि तरी फक्त त्या एका रात्री फेस मेला होता.

मासे मारणारा कुणी असेलच, तर त्यानं पाण्यात विष टाकलं नव्हतं. त्यानं फेस मारला होता.

४

सरांच्या आई, झुंबरबाई, ओसरीवर बसल्या होत्या. शेजारी खरंच गाठोडं होतं, जुन्या नऊवारीत बांधलेलं. गाठोड्याला टेकूनच त्या लहानशा कढईत तेल कोमट करत होत्या. तेलात ओवा आणि लसूण तडतडून झाला होता.

"बसा आजी, उठू नका."

"उठतीय कशाला? उद्या उठायचंच हाय." त्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तू पान्याची डाक्टर ना? मंग सांग तुज्या मास्तरला. माशांना दारू पाजतोय त्यो! माळकऱ्याचं घर हाय हे. म्या म्हनलं, आज माशाला पाजलीस, उद्या म्हशीला पाज, म्हंजे दूधबी झिंगत निगंल."

राजनंदिनीला हसू आलं. मग तिनं विचारलंच, "मग कधी बाटली फेकून द्यावीशी नाही वाटली?"

"वाटली की. उचललीबी हुती एकदा." म्हातारीचा आवाज खाली आला. "पर पोरगं त्या काचंम्होरं बसलं की त्येचं तोंड जरा हालतं. न्हाईतर भितीसारखा गप. म्या ठिवली परत. तवापासनं हात लावला न्हाई, इठोबाची आन."

"शनिवारी वहिनी घरी नव्हत्या?"

"भाचीच्या साखरपुड्याला गेल्ती, देवळाली प्रवऱ्याला. शनी अमुशा हुती. गावात पाय ठिवाया जागा न्हवती. म्या देवाला तेल दावून आले, ह्येच्या हाताला चोळलं, भाकर दिली आन् हितंच कलंडले."

"कुणी आलं होतं का?"

म्हातारी कढईतलं तेल उगीच हलवत राहिली.

"अजिनाथ आल्ता. दिवं लावायच्या टायमाला. पडदा हालला, आत गेला, लगी भाईर आला. म्या दुसऱ्या दिशी बोलून गेले बिभीषणाला. न्हाई बोलायला पायजे हुतं. माजी जीभ झडली असती तर बरं हुतं. त्येच्यावरनंच ह्यो दार घेऊन आला."

सरांची खुर्ची ओसरीवर आली. रुसवा होता, अबोला होता, पण तेलाची वेळ चुकलेली नव्हती. म्हातारीनं त्यांचा डावा हात मांडीवर घेतला आणि मनगटापासून बोटांपर्यंत तेल चोळायला सुरुवात केली.

"लागतंय का रं?"

"लागतंय, आई."

आतल्या चौकटीशी उभ्या असलेल्या वहिनींनी नजर दुसरीकडे वळवली. रोज हाच प्रश्न येत असणार आणि रोज हेच उत्तर, हे राजनंदिनीला न सांगता कळलं.

ती आत टाकीपाशी गेली. फेस कशानं मरतो याची यादी फार लांब नव्हती. उजव्या कोपऱ्यात, झाकणाच्या खाचेखाली, पाण्याच्या वर काचेला काहीतरी चमकत होतं. तिनं खिडकीतला उजेड तिरपा पडेल अशी मान वाकवली. काचेवर इंद्रधनुष्यी तवंग होता.

तेल.

आणि रस्त्यापलीकडे, दुकानाच्या फळीवर, तेलाच्या बाटल्यांची रांग उन्हात लखलखत होती.

५

"पानी घ्या मॅडम. शीलबंद हाय, तपासू नका," अजिनाथ म्हणाला. हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

"सर तुमच्यावर संशय घेताहेत."

"मला म्हाईत हाय. अख्ख्या गावाला म्हाईत झालंय. दार काय माज्यासाठी लावतोय त्यो? ह्या गावात दार लावनं म्हंजे शेजाऱ्याला चोर म्हननं."

"तुम्ही एकदा म्हणाला होतात म्हणे, ही काच एक दिवस फुटेल."

"म्हनलो हुतो." त्यानं लपवाछपवी केली नाही. "फुडची खोली मागितली दुकानाला, तर म्हनला मासे कुटं ठिवू. तवा तोंडाला आलं ते बोललो. पर बोलनं येगळं आन् करनं येगळं, मॅडम. एका ताटात जेवल्याली मान्सं आमी."

"शनिवारी आत का गेला होतात?"

"वाटी आनायला! काकूनं सकाळी माज्याकडनं वाटीत तेल नेलं, देवाला दावायला. अमुशेला गिऱ्हाईक तुटून पडतं, मला मापाला वाटी न्हाई. मंग गेलो, कोनाड्यातली वाटी घेतली, आलो. ह्ये त्यानं इचारलं असतं तर सांगितलं असतं. इचारलंच न्हाई. सरळ सुतार बोलिवला."

"सरांनी तुम्हाला बघितलं?"

"कशाचं बघतोय! पाठमोरा हुता. हात पान्यात, तंद्री लागल्याली. म्या हाकबी मारली न्हाई, म्हनलं ऱ्हाऊंदे."

राजनंदिनीच्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली.

"कुठला हात?"

"डावाच की. उजव्यात मोबाईल असतो त्येच्या."

"अजिनाथभाऊ," तिनं अगदी सावकाश विचारलं, "देवाला दाखवलेलं तेल अंगाला लावलं, तर ते कधी धुतात?"

त्याला प्रश्नाचं नवल वाटलं. "अमुशेचं? आमच्या घरात दुसऱ्या दिशीचा सूर्य दिसल्याबिगर धूत न्हाईत. आजीपासनं चालत आलंय. ल्हानपनी बिभीषणदादा आन् मी तसंच चिकाट अंगानं एका वाकळंत झोपायचो. सकाळच्याला वाकळ सुटायची न्हाई अंगाची." बोलता बोलता त्याचे डोळे भरले, आणि ते लपवायला तो उदबत्तीचे पुडे सारखे करू लागला.

राजनंदिनीनं पाणी प्यायलं नाही. ती रस्ता ओलांडून परत आली आणि टाकीसमोर, जिथं सरांची खुर्ची लागायची तिथं, एक स्टूल ठेवून त्यावर बसली. डावा हात खाचेपाशी नेला. तवंग बरोबर तिच्या मनगटाच्या उंचीला आला. जवळून बघितल्यावर त्या तवंगात चार उभे पट्टेही दिसले, वरून खाली घसरत गेलेले, बोटांच्या रुंदीचे. ओतलेलं तेल काचेवर असं उतरत नाही.

तिनं कापसाच्या बोळ्यानं खाचेची कड पुसली आणि नाकाशी धरली. अजिनाथच्या बाटल्यांतल्या तेलाला असा वास नव्हता. याला ओव्याचा वास होता, आणि मागून लसणीचा.

"वहिनी, संध्याकाळी टाकीपाशी बसायच्या आधी सरांचा हात कोण धुतं?"

"मीच," सविता वहिनी म्हणाल्या. "रोज. बेसन लावून, कोमट पाण्यानं. ते काही म्हणत नाहीत, मी पण सांगत नाही. खुर्ची लावायच्या आधी धुवायचा, एवढं..."

त्या थांबल्या.

"मी नव्हते," त्या म्हणाल्या. "शनिवारी मी नव्हते."

त्यांनी तोंडावर पदर दाबला. राजनंदिनीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. उत्तर सापडलं होतं. नोकरीच्या इतक्या वर्षांत सापडलेलं उत्तर कुणाला सांगावं, असा प्रश्न तिला पहिल्यांदाच पडला होता.

६

तिनं सरांशी बोलताना पडदा ओढून घेतला. दोन बरण्यांत टाकीतलं पांढरं पाणी घेतलं आणि दोन्हींत हवेच्या नळ्या सोडल्या. थोड्याच वेळात दोन्ही बरण्यांवर फेसाची जाड साय धरली. सर बघत होते. मग तिनं ओसरीवरच्या कढईत बोट बुडवलं, ते फडक्याला पुसलं, आणि जवळपास कोरडं झालेलं ते बोट उजव्या बरणीत क्षणभर बुडवलं.

उजवीकडचा फेस फुटत फुटत खाली बसला. बुडबुडे येत राहिले, पण वर येऊन नुसते विरत गेले. डावीकडची साय होती तशीच होती.

तिनं काही समजावून सांगितलं नाही. सरांनीच तिला शिकवलं होतं की प्रयोग नीट मांडला तर बोलावं लागत नाही. मग त्यांनी उजव्या हातानं मांडीवरचा डावा हात उचलला आणि परकी वस्तू बघावी तसा उलटसुलट करून बघितला.

"हा," ते म्हणाले.

"सर, नुसत्या तेलानं झालं नसतं. फेस एखादी रात्र बसला असता आणि परत धरला असता, मासे काही मेले नसते. पंपाची चकती चारवर आहे. ती कायम दोनवर असायची, वहिनींना विचारून घेतलं मी."

सरांनी डोळे मिटले.

"मी दुप्पट केली. शेवाळ जात नव्हतं. तुम्हा पोरांना वर्षानुवर्षं सांगितलं, मात्रा मुंगीच्या पावलानं वाढवा." त्यांनी श्वास घेतला. "करंगळीला कळलं त्या दिवसापासून मला सगळ्याचीच घाई झाली, राजनंदिनी. तुला खोटं सांगितलं, कारण तुझ्यासमोर चुकायचं नव्हतं."

"जास्तीचं पीक फेस रोज बाहेर नेत होता, म्हणून आठवडाभर निभावलं. अमावास्येला फेस बसला, पीक आत राहिलं आणि दिवे मालवल्यावर हवा संपली. मात्रा वाढली, तेल लागलं आणि हात धुवायचा राहिला. यातलं एखादं जरी टळलं असतं तरी मासे जगले असते. यात अजिनाथभाऊ कुठंच नाहीत. ते वाटी न्यायला आले होते."

"आणि तेल आईचं." सर पुटपुटले. बाहेर ओसरीवर झुंबरबाई कुणाशी तरी बोलत होत्या, त्यांचा आवाज पडद्यातून येत होता. "तिला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस."

राजनंदिनीनं उजव्या बरणीतली नळी काढली. निघालेली गोष्ट अहवालातून गाळायची नाही, हा नियम तिनं मंत्र्यांच्या फोनपुढेही मोडला नव्हता. सरांनी तो विचार तिच्या चेहऱ्यावर वाचला असावा.

"हा अहवाल नाही, बाळा. ती रोज त्या हातात जीव ओतते. तिच्या तेलानं माझे मासे मेले असं एकदा कानावर गेलं, तर ती पुन्हा मला हात लावायची नाही."

"पण अजिनाथभाऊंचं नाव?"

"ते मी घातलं, मीच काढतो. पडदा सार."

तिनं पडदा सारला. सरांनी खुर्ची चौकटीपाशी आणली आणि जड जिभेनं, पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "अजिनाथ! ए अजिनाथ!"

दुकानातलं गिऱ्हाईक तसंच टाकून अजिनाथ रस्ता ओलांडून आला. उभा जन्म तो या घरात सरळ आत येत आला होता. आज चौकटीबाहेर थांबला.

"येऊ का?" त्यानं विचारलं.

सरांचा चेहरा त्या दोन शब्दांनी जितका पिळवटला, तितका बरण्या बघूनही पिळवटला नव्हता.

"विचारतोस काय?" ते म्हणाले. "मासे मीच मारले, अजिनाथ. औषधाची मात्रा माझ्या हातानं चुकली. ही तपासून सांगतीय. आणि मी बोट तुझ्याकडं दाखवलं. अख्ख्या गावादेखत दाखवलं." त्यांनी अंगणातल्या दाराकडे मान वळवली. "सुताराला फोन कर. म्हणावं, येऊ नको. आणि ते दार घेऊन जा, दुकानाला फळ्या कर त्याच्या."

अजिनाथ उंबऱ्याच्या आत आला. सरांच्या खुर्चीचा दांडा धरून नुसता उभा राहिला.

"मात्रा कसली?" झुंबरबाईंनी ओसरीवरून विचारलं. "त्या दारूची? म्या म्हनलंच हुतं!"

"म्हणाली होतीस, आई."

"मंग? आता ऐकशील का माजं?" म्हातारीनं गाठोडं पायानं मागं सारलं. मग एकाएकी तिचा आवाज बदलला. "माज्या तेलाचं तर काय न्हवतं ना त्यात, पोरी? ह्येचा हात पान्यात असतो म्हून इचारते."

वहिनींचा हात पदरावर गोठला. उत्तर राजनंदिनीकडे मागितलेलं होतं.

"मात्रा दुप्पट झाली होती, आजी," ती म्हणाली. "चकती चारवर होती."

हे खरं होतं. तिनं त्यापुढे काहीच जोडलं नाही.

झुंबरबाईंनी मान डोलावली आणि कढई ओढली. सरांनी आपण होऊन उजव्या हातानं डावा हात उचलला आणि आईच्या मांडीवर ठेवला. टाकीत खडकाच्या शेंड्यावर शंखातला एक खेकडा पाय बाहेर काढून बसला होता. वरच्या टाकीतल्या हिंडत्या जिवांपैकी वाचलेला तो एकच होता, आणि तो अजून पाण्याबाहेरच होता.

म्हातारीची बोटं मनगटावरून खाली सरकू लागली. तळहात, मग एकेक बोट, शेवटी करंगळी.

"लागतंय का रं?"

सर आईच्या हातांकडे बघत राहिले.

"नाही, आई," ते म्हणाले. "अजून नाही."

झुंबरबाईंचे हात थबकले. त्यांनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं, मग कढईत बोटं बुडवली आणि करंगळीपासून पुन्हा सुरुवात केली.